‘कीड मारणे’ : दंतमूलोपचारातील जंतुनाशक द्रव्यांचा इतिहास

(१)

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राजमार्ग आणि चंद्रपूरकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी एकमेकांपासून फुटतात, ते जाम हे वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गाव होय. भोवतालचा मुलूख कपाशीचा आहे. या मुलुखात ‘कीड’ हा शब्द शेतात जितका ऐकू येतो तितकाच दवाखान्यातही ऐकू येतो. कपाशीला कीड लागते, तशीच दाढेलाही कीड लागते. आणि दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो एकच : ही कीड मारावयाची कशाने?

दंतवैद्यकात ज्यास आपण ‘रूट कॅनाल’ म्हणतो त्या उपचारात दाताच्या मुळातील नलिका उघडून आतील सडलेला मगज काढून टाकतात, नलिका कोरून व धुऊन स्वच्छ करतात आणि शेवटी ती बुजवितात. या कामी आजवर जी द्रव्ये वापरली गेली त्यांच्या जंतुनाशक गुणांचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, दंतवैद्य नव्हे. तेव्हा द्रव्यांची निवड करून देण्याचा अधिकार त्याजकडे नाही. परंतु या इतिहासाचा एक भाग भाषेचाही आहे, आणि तो आजवर दुर्लक्षित राहिला आहे. द्रव्ये बदलत गेली, पण द्रव्याकडून आपण काय अपेक्षितो हे सांगणारे क्रियापद मात्र शेकडो वर्षे ‘मारणे’ हेच राहिले. या क्रियापदाने उपचाराची दिशा कोठे बरोबर दाखविली आणि कोठे चुकविली, हे येथे तपासावयाचे आहे.

(२)

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत ‘किडा’ हा पुल्लिंगी आणि ‘कीड’ हा स्त्रीलिंगी शब्द. दोहोंचे मूळ संस्कृत ‘कीट’ हेच आहे. तथापि त्यांच्या अर्थांत मोठे अंतर आहे. किडा मोजता येतो. एक किडा, दोन किडे असे आपण म्हणतो. कीड मोजता येत नाही. ती ‘लागते’ आणि ‘पसरते’. किडा हा प्राणी आहे, तर कीड ही लाकूड, धान्य, पीक वा दात यांस प्राप्त झालेली अवस्था आहे. म्हणूनच ‘किडणे’ हे क्रियापद तयार झाले आणि ज्या वस्तूत किडा दिसत नाही तिलाही ते लावता आले.

संस्कृत वैद्यकाने दाताच्या या रोगास ‘कृमिदंतक’ असे नाव दिले. कृमी म्हणजे डोळ्यांना दिसणारा, वळवळणारा जीव. पुढे पाश्चात्त्य वैद्यकातील सूक्ष्मजीवांची कल्पना मराठीत आली तेव्हा तिच्यासाठी ‘जंतू’ हा शब्द रूढ झाला. हा शब्दही कोरा नव्हता. ‘जंतु’ म्हणजे जन्मास आलेला जीव. याच मूळ शब्दाचे ‘जंत’ हे रूप मराठीने पोटातील कृमींसाठी आधीच राखून ठेवलेले होते. अशा रीतीने जंत आणि जंतू ही एकाच शब्दाची दोन रूपे. एक उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या जिवाचे, दुसरे केवळ सूक्ष्मदर्शकाला दिसणाऱ्या जिवाचे. नवी कल्पना जुन्या शब्दाच्या वस्त्रात आली, आणि वस्त्राबरोबर जुनी अपेक्षाही आली : आत कोणी तरी जिवंत शत्रू आहे, त्याला तीव्र औषधाने मारले की रोग संपला.

येथे ‘जंतुनाशक’ आणि ‘निर्जंतुक’ या दोन शब्दांतील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. पहिला शब्द द्रव्याचा गुण सांगतो, दुसरा स्थळाची स्थिती सांगतो. जंतुनाशक द्रव्य घातले म्हणजे स्थळ निर्जंतुक झाले असे भाषा सुचविते; प्रत्यक्षात पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही. पुढील सर्व इतिहास या एका अंतराचा इतिहास आहे असे म्हणावयास हरकत नाही.

(३)

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात मुखरोगांचे वर्णन आहे. त्यात प्रत्यक्ष दातांचे म्हणून आठ रोग सांगितले असून कृमिदंतक हा त्यांपैकी एक आहे. दात काळा पडतो, त्यास छिद्र पडते, तो हलतो, त्यातून स्राव येतो, भोवती सूज येते व कारणावाचून तीव्र ठणका लागतो, अशी त्याची लक्षणे दिली आहेत. आजच्या वाचकाने ही लक्षणे दातावरील साध्या डागाची समजू नयेत. मगज सडून मुळाच्या टोकाशी पू झाला म्हणजे जे दिसते त्याचेच हे वर्णन आहे. हलणारा दात काढून टाकून ती पोकळी डागावी, हा त्यावरील एक उपाय.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, म्हणजे सुमारे सातव्या शतकात, उत्तरस्थानाच्या मुखरोगचिकित्सेत आणखी एक पायरी दिसते. दातातील पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून तापलेल्या शलाकेने डागावी, आणि सातवीण व रुई यांच्या चिकाने ती भरावी, असा उपचार तेथे आहे. हिंग, कायफळ, हिराकस, सज्जीखार इत्यादिकांचे चूर्ण फडक्यात बांधून दातावर धरावे असेही सांगितले आहे. वितळलेल्या मेणामुळे उष्णता पोकळीच्या तळापर्यंत पोहोचत असावी, असा तर्क करता येतो. या उपचारात तीन कल्पना स्पष्टपणे वेगळ्या काढता येतात : उष्णतेने नाश, तीक्ष्ण द्रव्याने नाश आणि पोकळीचे पूरण. पैकी पहिल्या दोन कल्पना लोकांच्या स्मरणात राहिल्या; तिसरी, जी पुढे सर्वांत मोलाची ठरली, ती मागे पडली.

लोकवैद्यकात कृमीची कल्पना अधिकच मूर्त झाली. भुईरिंगणीचे बी तापलेल्या लोखंडावर टाकून त्याची धुरी नळीने दाढेला देण्याचा प्रघात महाराष्ट्रात होता. धुरीनंतर पांढरे बारीक ‘किडे’ बाहेर पडलेले दाखविले जात. युरोपातही खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी अशाच प्रकारे देत असत, आणि तेथे दिसणारे ‘किडे’ म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतील अंकुर होत, हे पुढे उघडकीस आले. दाताचा किडा ही समजूत मुळात फार प्राचीन. बाबिलोनच्या मृत्तिकालेखांत त्या किड्याची उत्पत्तिकथाच आलेली आहे. धुरीने कदाचित ठणका थोडा वेळ थांबत असेल. पण महत्त्वाची गोष्ट अशी की, ठणका थांबणे हीच कीड मेल्याची खूण ठरली. या खुणेस आपण पहिले माप म्हणू.

(४)

किड्याच्या कल्पनेस पहिला शास्त्रीय धक्का पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने दिला. १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहूनही असे किडे आपणास आढळले नाहीत असे नमूद केले. त्यापूर्वी १६८३ मध्ये लेवेनहूकने दातांवरील किटणात हालचाल करणारे अतिसूक्ष्म जीव पाहिले होते. परंतु त्यांचा रोगाशी संबंध जोडला गेला नव्हता. तो संबंध जोडण्याचे श्रेय बर्लिन येथे काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाकडे जाते. मुखातील सूक्ष्मजीवांवरील त्याचा ग्रंथ १८९० मध्ये निघाला आणि १८९४ मध्ये त्याने रोगग्रस्त मगजातील जंतूंविषयी लिहिले. किडा गेला, जंतू आला.

शत्रूचे नाव बदलले, पण लढण्याची रीत बदलली नाही. १८३६ च्या सुमारास अमेरिकेत मगज मारण्यासाठी सोमल वापरण्यास प्रारंभ झालेला होताच. मुळाबाहेर झिरपल्यास तो हाडही मारीत असे. ‘दाताची नस मारणे’ हा आपल्याकडील प्रयोग याच प्रकारच्या उपचाराचे यथार्थ वर्णन करतो. १८६७ मध्ये लिस्टरने शस्त्रक्रियेत कार्बोलिक आम्लाचा पुरस्कार केल्यावर दंतवैद्यांनीही त्याच कुळातील द्रव्ये नलिकेत घालण्यास सुरुवात केली. १८९१ मध्ये वाल्कहोफने कापूर व क्लोरोफिनॉल यांचे मिश्रण प्रचारात आणले. १९०४ मध्ये बकलीचे फॉर्मोक्रेसॉल आले. आयोडोफॉर्म होतेच. या सर्व द्रव्यांत एक गुण समान होता, तो म्हणजे उग्र वास. दवाखान्यात शिरताच येणारा तो वास रोग्याला औषध कडक असल्याची ग्वाही देत असे. हे दुसरे माप.

या द्रव्यांनी जंतू मरत, यात शंका नाही. पण ती जंतू आणि दाताभोवतीच्या जिवंत पेशी यांत भेद करीत नसत. शिवाय बाष्परूपाने उडून गेल्यामुळे अथवा ऊतींतील प्रथिनांशी संयोग पावल्यामुळे त्यांचा जोर लवकर ओसरे. फॉर्माल्डिहाइड हे मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला.

उलट बाजूने दंतवैद्यकावर याच काळात मोठा आघात झाला. विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने १९१० साली माँट्रिआल येथील व्याख्यानात, दातांखालील पू हाच शरीरातील अनेक रोगांचे मूळ आहे, असे प्रतिपादन केले. त्यातून ‘केंद्रस्थ संसर्गा’चा सिद्धांत बळावला व पुढील काही दशके वाचण्याजोगे असंख्य दात काढून टाकण्यात आले. कीड मरत नसेल तर दातच काढा, हा ‘मारणे’ या विचाराचा तार्किक शेवट होता.

(५)

या वाटेवरून बाहेर पडण्याचा मार्ग दोन साध्या द्रव्यांनी दाखविला. दोन्ही आपल्या घरांत अपरिचित नाहीत.

पहिले द्रव्य चुना. १९२० साली जर्मनीत हेरमानने पाण्यात कालविलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे विरलेल्या चुन्याचा, दंतोपचारात उपयोग केला. त्याची क्षारता फार मोठी, पीएच सुमारे १२·५ इतका असतो. बहुतेक जंतू इतक्या क्षारतेत तग धरू शकत नाहीत. तो पाण्यात फारसा विरघळत नाही म्हणून लवकर संपत नाही, आणि उग्र वास तर त्याला मुळीच नाही.

दुसरे द्रव्य सोडियम हायपोक्लोराइट, ज्याचा सौम्य द्राव आपण कपड्यांचे डाग घालविण्यासाठी वापरतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, हेन्री डेकिनने त्याचा सुमारे अर्धा टक्का तीव्रतेचा द्राव सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी सिद्ध केला. १९३६ मध्ये वॉकरने दंतमूलनलिका धुण्यासाठी क्लोरिनयुक्त द्रावाचा पुरस्कार केला आणि पुढे ग्रॉसमनने त्यास चांगले प्रतिष्ठित केले. या द्रावाचे वैशिष्ट्य असे की, तो जंतू मारतो आणि त्याबरोबर सडलेला मगज विरघळवितो. म्हणजे शत्रूबरोबर त्याचे अन्नही नाहीसे करतो. दातावरील भुग्याच्या थरातील खनिज भाग मात्र त्याने निघत नाही. त्यासाठी १९५७ पासून नीगार्ड-ओस्टबी यांनी सुचविलेला ईडीटीएचा द्राव वापरात आला.

याच सुमारास प्रतिजैविकांचे युग सुरू झाले. १९५१ मध्ये ग्रॉसमनने पेनिसिलिन, बॅसिट्रॅसिन, स्ट्रेप्टोमायसिन व कॅप्रिलेट यांचा लेप नलिकेसाठी सुचविला. १९९६ मध्ये जपानमधील संशोधकांनी सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल व मिनोसायक्लिन यांच्या मिश्रणाची परीक्षा केली. मिश्रण प्रभावी खरे. परंतु मिनोसायक्लिनने दात काळवंडतो, आणि प्रतिजैविकांना जंतूंनी दाद न देण्याचा धोका राहतोच.

या सर्वांमागचा निर्णायक पुरावा मात्र १९६५ साली मिळाला. काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड यांनी काही उंदीर संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढविले व त्यांच्या दातांतील मगज उघडा केला. अन्नाचे कण आत गेले तरी त्यांचा मगज सडला नाही. उलट छिद्रावर नवे दंतद्रव्य तयार झाले. साध्या वातावरणातील उंदरांचा मगज मात्र सडला व मुळाशी पू झाला. रोगाचे कारण जंतूच, हे आता निःसंशय झाले. ‘कीड’ हा शब्द इतकी शतके ज्या दिशेस बोट दाखवीत होता ती दिशा योग्य होती.

(६)

मग अमुक द्रव्य किती जंतुनाशक आहे हे ठरवावयाचे कसे? प्रयोगशाळेतील रूढ रीत अशी : पोषक थरावर जंतू पसरावयाचे, मध्यभागी द्रव्य ठेवावयाचे आणि त्याभोवती जंतुरहित वर्तुळ किती मोठे पडते ते मोजावयाचे. हे तिसरे माप. वेदना आणि वास यांपेक्षा ते पुष्कळ शास्त्रीय आहे. तथापि तेही फसवू शकते. जे द्रव्य थरात सहज पसरते त्याचे वर्तुळ मोठे, जे पसरत नाही त्याचे लहान. चुना पसरत नाही म्हणून तो या परीक्षेत दुबळा ठरतो. सहज पसरणारे विषारी द्रव्य श्रेष्ठ ठरते. हा दोष ओळखून पुढे द्रव्य व जंतू यांचा प्रत्यक्ष संपर्क घडवून परीक्षा करण्याच्या रीती निघाल्या, आणि १९८७ मध्ये हापासालो व ओर्स्टाविक यांनी दंतद्रव्याच्याच तुकड्यांतील सूक्ष्म नळ्यांत जंतू रुजवून द्रव्यांची परीक्षा केली.

तेव्हा असे दिसून आले की, दात हे केवळ रिकामे भांडे नाही. दंतद्रव्य चुन्याची क्षारता काही अंशी शोषून घेते. ‘एन्टेरोकॉकस फीकॅलिस’ नामक जंतू तर आपल्या पेशीची आंतरिक आम्लता सांभाळून चुन्यातही टिकाव धरतो. शिवाय नलिकेतील जंतू सुटे तरंगत नसतात. ते एकमेकांना व भिंतीला चिकटून थर करून राहतात. झुरिच येथील पी. एन. आर. नायर यांनी १९८७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे दाखविले. त्यांनीच सहकाऱ्यांसह २००५ मध्ये एकाच बैठकीत काळजीपूर्वक उपचार केलेल्या खालच्या दाढांची १६ मुळे तपासली. पैकी १४ मुळांत जंतू शिल्लक होते. ते मुख्य नलिकेत नव्हते. कानस पोहोचत नाही अशा फाट्यांत व अरुंद जोडमार्गांत होते.

तीव्रता वाढविल्याने हा प्रश्न सुटतो काय? स्वीडनमधील बीस्ट्रोम व सुंडक्विस्ट यांच्या १९८५ च्या अभ्यासात अर्धा टक्का आणि पाच टक्के हायपोक्लोराइट यांच्या जंतुनाशक परिणामात विशेष अंतर आढळले नाही. याउलट शोग्रेन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ५५ दातांचा पाठपुरावा केला. बुजविण्यापूर्वीच्या तपासणीत ज्या नलिकांत जंतू आढळले नाहीत त्यांपैकी ९४ टक्के बऱ्या झाल्या, जेथे जंतू आढळले तेथे ६८ टक्के. यावरून दोन निष्कर्ष निघतात. जंतू कमी करणे अत्यावश्यक आहे. आणि काही जंतू राहिले तरी पुष्कळ दात बरे होतात, कारण नीट बुजविलेल्या नलिकेत उरलेले जंतू अन्नावाचून कोंडले जातात.

बुजविण्याच्या द्रव्यांचेही असेच आहे. गट्टापर्चा हा मलाया द्वीपसमूहातील झाडाचा चीक. त्याचे नावही मलाय भाषेतूनच आलेले. आजच्या कांड्यांत या चिकापेक्षा झिंक ऑक्साइडचेच प्रमाण अधिक असते, आणि कांडीची जंतुनाशक शक्ती अल्प असते. लवंगेच्या तेलातील युजेनॉल व झिंक ऑक्साइड यांचा लगदा ताजा असताना जंतूंना मारतो, परंतु घट्ट झाल्यावर त्याची शक्ती उतरत जाते. १९९३ पासून अभ्यासात आलेले एमटीए व त्यानंतरचे कॅल्शियम सिलिकेटयुक्त लेप घट्ट होताना चुना सोडतात, म्हणून ते काही काळ जंतुनाशकही असतात. पण त्यांचे खरे मोल चिराबंद बसण्यात आहे. १९९५ मध्ये रे व ट्रोप यांनी १०१० दातांची क्ष-किरणचित्रे पाहून असे मत मांडले की, मुळाची स्थिती नलिकेच्या भरणापेक्षाही वरच्या भरणाच्या गुणवत्तेवर अधिक अवलंबून दिसते. वाग्भटाच्या उपचारातील विसरली गेलेली ‘पूरण’ ही कल्पना अशा रीतीने अग्रस्थानी आली.

(७)

महाराष्ट्रात दंतवैद्यकाचे शिक्षण मुंबईस नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात १९३३ पासून मिळू लागले. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली निघाले आणि वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय १९९१ साली सुरू झाले. जामच्या रोग्याला आज हा उपचार जिल्ह्यातच मिळू शकतो. अडचण उरते ती निराळ्या ठिकाणी. पहिल्या बैठकीत नलिका उघडून धुतली की ठणका थांबतो. जुन्या मापाप्रमाणे कीड मेलेली असते. मग पुन्हा भाडे खर्चून, मजुरीचा दिवस बुडवून दुसऱ्या बैठकीस कशासाठी जावयाचे? वरचे तात्पुरते भरण झिजते, लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात, आणि काही महिन्यांनी दाढ काढावी लागते. हा दोष रोग्याच्या अज्ञानाचा म्हणून सोडून देणे सोपे आहे; परंतु ‘औषध घातले आहे, कीड मरेल’ असे त्याला सांगणाऱ्या भाषेचाही त्यात वाटा आहे.

तीच भाषा या ठिकाणी उपयोगीही पडू शकेल. कापूस पिकविणाऱ्याला कीड केवळ विषाने हटत नाही हे चांगले ठाऊक आहे. २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीचा प्रश्न संपल्यासारखे वाटले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केले. तेव्हापासून कृषितज्ज्ञ सांगत आले आहेत की फरदड घेऊ नये, हंगाम वेळेवर संपवावा, पऱ्हाटी उपटून तिची विल्हेवाट लावावी. कारण अळी जेथे दडते व जेथे तिला अन्न मिळते ती जागाच उरू देता कामा नये. फवारणी ही त्यानंतरची गोष्ट. दंतमूलनलिकेत कानस, हायपोक्लोराइट आणि अखेरचे भरण यांचे काम नेमके हेच आहे. ठणका थांबला म्हणून उपचार अर्धवट सोडणे म्हणजे वेचणी झाली म्हणून पऱ्हाटी शेतात तशीच उभी ठेवणे होय. हे ज्याने जामच्या शिवारात एकदा अनुभवले आहे, त्याला दंतवैद्याच्या खुर्चीत ते निराळ्या परिभाषेत समजावून सांगण्याची गरज पडू नये.

‘कीड’ हा शब्द टाकून देण्याचे म्हणूनच कारण नाही. तो शास्त्राच्या आधी जन्मला आणि शास्त्राने त्याचा आशय बहुतांशी खरा ठरविला. बदलावयाचे आहे ते त्याला जोडलेले क्रियापद. दंतवैद्यकाचे मराठीतून अध्यापन व लेखन करणाऱ्यांनी, त्याचप्रमाणे रोग्यांसाठी सूचनापत्रके तयार करणाऱ्यांनी, ‘कीड मारणे’ या एका प्रयोगाऐवजी कोरणे, धुणे व बुजविणे ही तीन क्रियापदे क्रमाने वापरावीत, आणि तिसरे पूर्ण होईपर्यंत उपचार संपला नाही हे स्पष्ट शब्दांत लिहावे, एवढीच या विवेचनातून निघणारी सूचना आहे.